अर्ध्या टक्क्याच्या आत

सकाळचा चहा चालू असताना जयमालानं देवानंदच्या उजव्या हाताशी असलेला पितळी लोटा उचलला आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवला. डोळे पेपरावर होते, चष्मा मात्र कपाळावर. म्हणजे वाचत नव्हती. झालं ते एवढंच. पण मे महिन्यातल्या नांदुऱ्यात, सकाळीच कूलर धापा टाकत असताना, देवानंदच्या दंडावर शहारा उठला. कारण हे सरकवणं त्यानं पूर्वी पाहिलं होतं. वाकड्या मनगटाच्या एका हातानं केलेलं. सुलतानपूरच्या घरात बाप उंबऱ्यात आला की त्याची आई, पंचफुला, अगदी असंच करायची. बघायची दुसरीकडेच, आणि बापाच्या हाताला लागेल अशी वस्तू वीतभर, हातभर लांब जायची. तांब्या, फुकणी, वरवंटा, पेटता कंदील. जयमालानं सासूला फक्त फोटोत पाहिलं होतं, तोही खांद्यापर्यंतचा. आणि सासऱ्याबद्दल तिला इतक्या वर्षांत सांगितलं होतं ते दोनच शब्दांत: ‘प्यायचे ते.’ मग ही सरकवायची रीत हिच्या हातात आली कुठून?

देवानंद निवृत्त माणूस. सारी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. अडतीत, जिनिंगवर, सोनाराच्या पेढीवर तो शिरला की लोक आधी चहा विचारायचे आणि तो चहा घ्यायचा नाही. बाजारात त्याला काटेवाले साहेब म्हणत. माणसाकडे बघायची त्याची तऱ्हाही नोकरीतूनच आलेली. याच्या एका पारड्यात काय, दुसऱ्यात काय, आणि काट्याच्या मागून कुणाचं बोट लागलंय. लग्नात जेवणारी माणसं, मयतीत रडणारी माणसं, निवडणुकीत हात जोडणारी माणसं, सगळी तो मनातल्या मनात तोलून मोकळा व्हायचा आणि बहुतेक वेळा अचूक निघायचा. स्वतःचं वजन मात्र त्यानं तरुणपणी एकदाच केलं होतं. बाप पीत होता, आपण पीत नाही. वजा जाऊन जे उरलं ते आपण. त्या शिलकेवर त्याचं सगळं चाललं होतं. विहारात पंचशील द्यायला, लग्न लावायला, नव्या घरात परित्राण पाठाला लोक त्यालाच बोलवायचे. पाचवं शील त्याच्या तोंडून ऐकलं की, लोक म्हणायचे, दारूच्या दुकानापुढून जाताना आपोआप पाय उचलतो. त्याला ते आवडायचं. आवडतं हे त्याला ठाऊकही होतं, पण ते पारड्यात धरायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलेलं.

काल संध्याकाळी गच्चीवर बसली होती सगळी. सगळी म्हणजे तो, जयमाला, सून धम्मशीला आणि तिची रांगती लेक समता. मुलगा नोकरीला हैदराबादेत. ऊन उतरलं होतं, खालून गरम फरशीवर शिंपलेल्या पाण्याचा वास येत होता, स्टेशनाकडून मालगाडी चालली होती ती संपतच नव्हती. धम्मशीलेनं फ्रिजमधली बाटली आणली. झाकण काढल्याबरोबर फस्सकन आवाज झाला, समता दचकली आणि मग हसली. देवानंदनं एक ग्लास घेतला, मग दुसरा. मग त्याला एका सोनाराची गोष्ट आठवली. त्याच्या काट्याला साहेब येण्याच्या दिवशीच कसा सर्दीसारखा काहीतरी आजार व्हायचा ती. सांगता सांगता त्याला हसू आवरेना. हसू आधी नाकातून आलं, मग तोंडातून. आणि त्या हसण्यातच त्यानं समोरचा लोटा उचलला, पाण्यानं अर्धा भरलेला, आणि समोर बसलेल्या जयमालाकडे फेकला. ‘झेल!’ तिनं झेलला. तिचं पातळ ओलं झालं. ‘आई, काय कॅच घेतला!’ म्हणून धम्मशीलेनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं समताला उचललं, वर उडवलं, झेललं. आजोबा करतातच तसं. पोरगी खिदळत होती. जयमाला एव्हाना कठड्यापाशी उभी राहून पदर पिळत होती. देवानंद पोरीला घेऊन तिच्याकडे वळला, हात मागे नेले आणि पुन्हा म्हणाला, ‘झेल.’

म्हणाला फक्त. फेकलं नाही. फेकणारही नव्हता. कोण फेकतं? पण जयमाला चार ढांगांत आली आणि चुलीवरून उतू जाणारं भांडं काढावं तशी तिनं पोरगी त्याच्या हातातून काढून घेतली. ‘खूप झालं आता,’ ती म्हणाली. ‘पोरीले झोप येऊन राह्यली.’ पोरगी टक्क जागी होती. रात्री तो मजेत झोपला, आणि आता सकाळी लोट्याच्या जागी टेबलावर पाण्याचं गोल ओलं वळं तेवढं राहिलं होतं. त्याकडे बघताना त्याला पहिल्यांदा तो शब्द ऐकू आला. झेल. हा शब्द त्यानं लहानपणानंतर उच्चारलाच नव्हता. गल्लीतली पोरंसुद्धा आता कॅच म्हणतात. तो काल जिभेवर आला तो त्याच्या जिभेचा नव्हता. कुणीतरी दुसऱ्यानं तोंड वापरावं आणि वापरून झाल्यावर पुसून ठेवावं, तसा तो आला आणि गेला.

ओट्याच्या कोपऱ्यात, फडक्यानं तोंड बांधलेली काचेची मोठी बरणी होती. धम्मशीला खामगावच्या एका कॉलेजात अन्नतंत्र शिकवायची. पुण्याच्या मैत्रिणीकडून तिनं ते आणलं होतं. कोंबुचा. पहिल्या दिवशी जयमाला म्हणाली होती, ‘कोंबडीचा?’ आणि समजावून सांगितल्यावर, ‘असं व्हय. म्हंजे चहाले विरजण.’ विरजण म्हणजे तरी काय, तर एक जाड चकती, भाकरीएवढी, वरून सायीसारखी आणि खालून तपकिरी तंतू लोंबलेली. गोड कोऱ्या चहावर ती तरंगत राहायची, आठवडाभर, आणि चहा आंबट होत जायचा. धम्मशीला म्हणाली, ‘ह्याला मदर म्हणतात, आई.’ ‘मदर? हे? माय वं!’ जयमाला खोखो हसली होती, आणि त्या दिवसापासून घरात त्या चकतीचं नाव माय पडलं. मायले साखर दिली का? मायवर माशी बसन, फडकं बांध. मायच्या खाली दर खेपेला एक पातळ नवी चकती धरायची, ती लेक. लेकी शेजारणींना वाटून झाल्या. देवानंदला सुरुवातीला बघवायचं नाही. बरणीत काहीतरी श्वास धरून पडलंय असं वाटायचं. पण उन्हाळा चढला, पोटात जळजळ वाढली, आणि धम्मशीलेनं आग्रह केला. पहिला घोट शिरक्यासारखा लागला. दुसऱ्यात गंमत कळली. आठवड्याभरात त्याचा तो ठरलेलाच झाला.

आणि तेव्हापासून घरात बदल झाला तो सगळ्यांनी पाहिला. काटेवाले साहेब बोलायला लागले. जेवताना गोष्टी, पोरीसाठी जनावरांचे आवाज, दाढी करताना गुणगुणणं. जयमाला एकदा म्हणाली, ‘हे इतके वर्सं कुठं दडवून ठेवलं होतं व तुमी?’ ती खुशीत म्हणाली होती. त्यालाही ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि सवयीनं त्यानं हिशेब मांडला होता की पोटाला आराम पडला म्हणून माणूस हलका झाला, जमा झालं ते पोटाकडून. आता तो प्रश्न पुन्हा कानात आला तेव्हा त्याचं वजन वेगळंच भरलं. दडवून ठेवलं होतं, म्हणजे होतं. कुठं? त्यानं बरणीकडे पाहिलं. माय जराशी कलली होती आणि तिच्या कडेनं एक बुडबुडा वर येत येत थांबला होता.

त्याच सकाळी संघपाल आला. विहार समितीचा सचिव, टायरचं दुकान असलेला, घामाघूम, आणि आल्या आल्या खुर्ची कूलरपुढे ओढणारा. येत्या रविवारी त्याच्या लेकीचं लग्न होतं. ‘जयभीम साहेब. पत्रिकेत तुमचं नाव टाकून देलं बरं का, आता नाई म्हनसान तर मी कुठं जाऊ?’ म्हणाला. देवानंद म्हणाला, ‘नाही कोण म्हणते? बस.’ धम्मशीलेनं पाहुण्यापुढे ग्लास ठेवला. संघपालनं तो नाकापाशी नेला, थांबला, पुन्हा नेला.

‘ताई, हे काय होय बापा?’

‘चहा आहे काका. थंड.’

‘असा चहा आमच्या मोताळ्याच्या पाव्हण्याकडे भेटते. तो पेल्यावर पाव्हणा सायकलीले घोडा म्हनते.’

धम्मशीला हसली. ‘थोडं अल्कोहोल असतंच काका त्यात. आंबवलं की होतंच. एक जंतू साखर खाऊन अल्कोहोल बनवतो, दुसरा ते अल्कोहोल खाऊन आंबट बनवतो. दुसरा दमला की थोडं शिल्लक राहतं, बस.’

‘किती?’ हे देवानंदनं विचारलं.

‘नगण्य हो बाबा. म्हणजे उन्हाळ्यात, बाटली गच्च बंद ठेवली, वरून मनुकेबिनुके टाकले, तर वाढतं. एक-दीड, कधी दोन टक्केही.’

‘आपल्या बाटलीत?’

‘मनुके टाकले होते मी. तुम्हाला गोडसर आवडतं म्हणून.’

संघपालनं मांडीवर थाप मारली. ‘गेलं! साहेब, तुमचं पाचवं शील गेलं! आता रविवारी लोकाईले काय सांगसान?’ मग स्वतःच वकिली सुरू केली. ‘नाई पण साहेब, तुमीच त समजावून सांगता दरसाली. सुरा म्हंजे धान्याची, मेरय म्हंजे फुलाफळाचं. पाल्याचं कुठं सांगितलं? हा त पाला होय.’ आणि एवढं बोलून ग्लास एका दमात रिकामा केला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला, ‘अजून आहे काय व ताई?’

हसण्यात सगळे सामील झाले, जयमाला सोडून. ती दारात उभी होती, कडेवर समता, आणि नवऱ्याकडे बघत होती. देवानंदला वाटलं, आता लाज येईल. वाट पाहिली त्यानं लाजेची. आली ती भलतीच गोष्ट. छातीवरची शिळा कुणी उतरवून बाजूला ठेवावी, तसं त्याला सुटल्यासारखं वाटलं. दोन टक्के. दोन ग्लास. मग तो कालचा शब्द, ते नाकातून आलेलं हसू, ते मागे गेलेले हात, सगळं बाटलीच्या खाती गेलं. मेरय. हजारदा उच्चारलेला शब्द. प्रवचनात तो नेहमी सांगायचा की पाप थेंबात नाही, थेंबानं जी बेसावधी येते तिच्यात आहे, पमाद म्हणजे तीच. आपल्या तोंडचं ते प्रवचन आपल्याच कामी येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता सोडलं की झालं. बरणी गटारीत ओतायची, रविवारी आधी स्वतः शील घ्यायचं, मग द्यायचं. त्यानं जयमालाकडे पाहिलं. तिच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. ‘म्हंजे त्याच्यानं,’ ती एवढंच म्हणाली.

दुपारी झोप लागली नाही. खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यातून उजेड हिरवट येत होता आणि त्या उजेडात सुलतानपूरचं घर येऊन बसलं. बाप, कचरू, गावात लोकप्रिय माणूस. हसरा. लोक म्हणायचे, कचऱ्यासारखा गडी नाही, प्याला तरी कुणाले शिवी देत नाई. खरंच देत नसे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. तो फक्त खेळायचा. दारातूनच हसत यायचा, हसू आधी नाकातून यायचं, आणि हाताला जे लागेल ते उचलून आईकडे टाकायचा. ‘झेल वं!’ तांब्या. शेराचं माप. कोयता, पण मुठीकडून. आई झेलायची. चुकली तर तो हळहळायचा, खरोखर, डोळ्यांत पाणी आणून, आणि पुन्हा टाकायचा. शेजारपाजारचे ओसरीवर बसून हसायचे. नवरा-बायकोचा खेळ. एकदा देवानंद स्वतः त्या खेळात होता. वर छताचे वासे जवळ आले, लांब गेले, आणि मग आईच्या छातीचा दणका. त्याला आठवतं ते उडणं नाही, झेललं जाणंही नाही. आईच्या छातीत आतून जे धडधडत होतं ते. दारूनं केलं सगळं, आई म्हणायची. माणूस सोन्याचा, दारू वाईट. त्या वाक्यावर देवानंद मोठा झाला होता. त्या वाक्यावर त्यानं शिक्षण घेतलं, बदल्या सोसल्या, चहा नाकारले. ते वाक्य म्हणजे त्याच्या घराचा पाया. आता ते पुन्हा एकदा सिद्ध झालं होतं आणि त्यानं शांत झोपायला हरकत नव्हती. पण तपासणीत सगळं सरळ सापडलं की तो जास्त सावध व्हायचा. उठून त्यानं धम्मशीलेला विचारलं, ‘ती कालची बाटली उरली आहे काय?’

‘अर्धी आहे, फ्रिजमध्ये.’

‘मोजता येईल?’

‘बाबा, संघपालकाकांनी गंमत केली. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?’

‘येईल का मोजता?’

दुसऱ्या दिवशी दोघं खामगावला गेली, एसटीनं, मांडीवर बर्फाच्या थर्मासमध्ये ती बाटली. कॉलेजला सुटी होती पण प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा उघडी होती. मोठी रिकामी खोली, खिडक्यांना जुने निळे पत्रे, बर्नरच्या गॅसचा वास. धम्मशीलेनं पांढरा कोट घातला आणि तिचा चेहरा बदलला. घरातली सून गेली, मास्तरीण आली. देवानंदला ते आवडलं. तिनं मोजून द्रव घेतला, तापवायला ठेवला, वाफ नळीतून थंड होऊन थेंब थेंब दुसऱ्या भांड्यात पडू लागली. ‘अल्कोहोल असेल ते सगळं ह्यात उतरतं,’ ती म्हणाली. ‘मग ह्याची घनता काढायची. पाण्यापेक्षा जितकं हलकं, तितकं अल्कोहोल.’ देवानंद थेंबांकडे बघत राहिला. स्वच्छ, बिनरंगाचे. त्याला वाटलं, ह्यातच तो आहे, गच्चीवर हसलेला. काचेत उतरतोय. उतरू दे सगळा. जितका जास्त उतरेल तितकं बरं. दोन टक्के निघू दे, तीन निघू दे. सगळ्या आयुष्यात एखाद्या मापात जास्त भरावं अशी त्यानं पहिल्यांदाच इच्छा धरली होती, आणि ज्यांना त्यानं दंड केले ते व्यापारी काट्यासमोर उभे राहून काय मागत असतील हे त्याला तेव्हा कळलं.

घनतेची छोटी बाटली भरून तिनं काट्यावर ठेवायच्या आधी तो म्हणाला, ‘थांब.’ वाकून त्यानं काट्याच्या पातळीचा बुडबुडा पाहिला. मधोमध. प्रमाणित वजन मागून घेतलं, स्वतः ठेवून पाहिलं. बरोबर. शून्य पाहिलं. बरोबर. थर्मामीटर पाहिलं. कुणाचं बोट कुठे लागलं नव्हतं. मग तो बाजूला झाला. तिनं वजन केलं, पुसून पुन्हा केलं, तक्त्यात बोट फिरवलं आणि हसत वर पाहिलं. ‘सुटलात बाबा! शून्य पूर्णांक चार. अर्ध्या टक्क्याच्या आत. कायदासुद्धा ह्याला दारू म्हणत नाही. जास्त पिकलेल्या केळ्यात एवढं असतं.’

‘अन् मनुके?’

‘मायनं पचवले. चांगली सशक्त आहे आपली माय.’ ती बाटली विसळू लागली. ‘दोन ग्लास काय, बादलीभर प्यालात तरी झिंग यायची नाही.’

त्यानं मान डोलवली. शाबास म्हणाला. काट्यावरच्या आकड्याशी वाद घालायचा नसतो. बाहेर कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली ते गाडीची वाट बघत उभे राहिले आणि धम्मशीला हैदराबादेला फोन करून हसत हसत सांगत होती, बाबांची शुद्धी झाली म्हणून. देवानंद मनात तोलत होता. बादलीभर प्यालो तरी. मग गच्चीवर हसलं कोण?

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. जळालेली धसकटं, नांगरून पडलेली काळी शेतं, वारा तोंडावर तव्यासारखा. आणि अगदी सहज, कुणी दार लोटून आत यावं तसं, मनगटाचा दिवस आला. त्या दिवशी बाप कुठं गेलाच नव्हता. अंगात कसर होती म्हणून दिवसभर घरात वाकळेवर पडून होता. देवानंद त्याच्या उशाशी बसून होता, कपाळावर ओलं फडकं ठेवत, तोंडाजवळ तोंड. तोंडाला वास होता तापाचा आणि कांद्याचा. दुसरा कसलाच नाही. संध्याकाळी बाप उठून बसला. नाकातून हसला. आणि चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या आईकडे उखळातली मुसळी उचलून टाकली. झेल, असं तो आधी म्हणाला नाही त्या दिवशी. नंतर म्हणाला. सकाळी हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे आई मनगट धरून बसली होती आणि म्हातारा विचारत होता, कसं झालं बाई. आई म्हणाली, ‘पेले होते ते.’ देवानंद शेजारी होता. त्याला वाटलं, आई चुकली. त्यानं तोंड उघडलंही होतं सांगायला, की नाही, कालचा दिवस बाबा घरीच होते. आईनं दुसऱ्या, चांगल्या हातानं त्याचं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलं. जोरात. त्याला श्वास घेता येईना इतकं. एवढ्या वर्षांत हा दिवस त्याला आठवत नव्हता असं नाही. मनगटाला इजा झाली हे आठवत होतं; पेले होते हे आठवत होतं. मधला कांद्याचा वास तेवढा कुठंतरी पडून राहिला होता, आंबत.

घरी आल्यावर धम्मशीलेनं चपला काढता काढताच आकडा सांगितला. जयमाला पीठ मळत होती. हात थांबले. तिनं देवानंदकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं, आणि इतक्या हळू बोलली की कूलरच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं. ‘परत एकदा मोजून पाह्य ना, बाई.’

‘दोनदा मोजलं आई. बाबांनी स्वतः काटा तपासला.’

‘चुकते कधी कधी.’

‘नाही चुकलं हो. आनंदाची गोष्ट आहे, तुम्ही अशा काय करता?’ धम्मशीला समताला घ्यायला आत गेली. समता पाळण्यात नव्हती. जयमालानं तिला शेजारच्या तानुबाईंकडे ठेवलं होतं. ‘मी अन् पोरगी दोघीच होतो त म्हटलं,’ ती पुटपुटली, पण त्या म्हणण्याला पुढे काही नव्हतं. दोघीच होत्या तर ठेवायचं कशाला? देवानंद येणार म्हणून. तो यायच्या आत. ते तिघांनाही त्या क्षणी कळलं. सुनेला अर्धं, त्या दोघांना पूर्ण. धम्मशीला तानुबाईंकडे गेली आणि स्वयंपाकघरात नवरा-बायको उरली. परातीतलं पीठ, पोळपाट, लाटणं. लाटणं जयमालानं मांडीखाली घेतलं होतं. देवानंद दारातून पुढे गेला नाही. त्याला सांगावंसं वाटलं की मी टाकणार नव्हतो. पण ज्या माणसाच्या वतीनं हमी द्यायची त्याची आणि देवानंदची नीट ओळखच नव्हती. ‘जयमाला,’ तो म्हणाला, ‘परवा गच्चीवर तुले काय दिसलं?’

‘तुमी हसत होते,’ ती म्हणाली. ‘अन् तुमचे डोये मले मोजून राह्यले होते. किती लांब उभी आहो ते.’

फोन वाजला. संघपाल. मंडपवाला, आचारी, दोन वाक्यं आणि मग, ‘साहेब, रविवारी जरा लवकर या बरं. पाव्हण्यायकडची मंडळी म्हनते, काटेवाले साहेबाच्या तोंडून शील ऐकाचं.’

‘संघपाल, रविवारी मी येत नाही. दुसऱ्या कुणाला सांग.’

‘असं काऊन साहेब? तब्येत?’

तब्येत म्हणता आलं असतं. देवानंदनं जयमालाकडे पाहिलं. लाटणं अजून तिच्या मांडीखालीच होतं. आणि त्याला दिसलं की ह्या घराला आता एक वाक्य लागणार आहे. तानुबाईंना सांगायला, सुनेला सांगायला, मुलाला फोनवर सांगायला, पोरगी जरा मोठी झाली की तिला सांगायला. त्या वाक्याशिवाय इथं कुणाला झोप येणार नाही, त्यालाही नाही. ‘मी प्यायला लागलोय,’ तो म्हणाला. खोटं बोलून चौथं शील मोडून पाचवं मोडल्याची कबुली देणारा तो बहुधा जिल्ह्यातला पहिला माणूस असावा, असंही त्याच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं, आणि हसू येतंय असं वाटून त्यानं ओठ घट्ट मिटले.

‘हाऽ हाऽ! ते चहाचं अजून धरून बसले काय साहेब! मी त गंमत केली होती.’

‘चहाचं नाही. खरी.’

‘तुमी? कोणाले सांगता? फोन द्या बरं वहिनीले.’

त्यानं फोन पुढे केला. जयमालानं पिठाचा हात पदराला पुसला, फोन घेतला, तिकडचं बोलणं ऐकून घेतलं. कूलरमध्ये पाणी संपत आल्याचा कोरडा आवाज येत होता. ती सरळ देवानंदच्या डोळ्यांत बघत होती, परवापासून पहिल्यांदाच, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. मोठं ओझं कुठं टेकवायचं ती जागा सापडलेल्या माणसाचा चेहरा होता. ‘हाव भाऊ,’ ती म्हणाली. ‘घेतेत थोडी. मीच कोणाले सांगितलं नाई.’ आणि फोन परत दिला.

तिकडून मंडपाचे बांबू उतरवल्याचा आवाज येत होता. मग संघपालचा आवाज आला, बदललेला, मऊ, आजाऱ्याच्या खाटेपाशी काढतात तसा.

‘असू द्या साहेब. मनाले लावून घेऊ नका. आजकाल त्याच्यावर दवा भेटते. सुटून जाते.’

‘हाव,’ देवानंद म्हणाला. ‘सुटून जाईल.’